नौकांचे गंजसंरक्षण व रंगलेपन

समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या नौकेच्या धातुमय भागांचा क्षय टाळण्यासाठी किंवा तो मर्यादित ठेवण्यासाठी योजण्यात येणाऱ्या उपायांचा समावेश या विषयात होतो. नौकेचा तळ, सुकाणू, प्रचालक (पंखा) व त्याचा दंड हे भाग या दृष्टीने महत्त्वाचे होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छोट्या यांत्रिक नौकांच्या मागील बाजूस बसविण्यात येऊ लागलेली ‘आउटड्राइव्ह’ ही चालन यंत्रणाही त्यांतच मोडते. या उपायांचा इतिहास सु. अडीचशे वर्षांचा असून त्यातून एकच गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास आली आहे. ती ही की, खाऱ्या पाण्यातील कोणत्याही धातूचा विचार त्याच्या शेजारच्या धातूपासून अलग करून करता येत नाही. एका धातूच्या रक्षणासाठी केलेला उपाय दुसऱ्याच्या नाशास कारण झाल्याची उदाहरणे या इतिहासात जागोजागी आढळतात.

तत्त्व : समुद्राच्या पाण्यात वजनाने सु. ३.५ टक्के लवणे विरघळलेली असतात. त्यामुळे ते विजेचे चांगले वाहक असते. अशा पाण्यात दोन भिन्न धातू परस्परांना चिकटून असल्यास किंवा तारेने जोडलेले असल्यास त्यांचा एक विद्युत् घट तयार होतो. त्यांपैकी अधिक क्रियाशील धातू धनाग्र बनून हळूहळू विरघळतो आणि कमी क्रियाशील धातू ऋणाग्र बनून सुरक्षित राहतो. अधिक क्रियाशील धातूपासून आरंभ केल्यास मॅग्नेशियम, जस्त, ॲल्युमिनियम, लोखंड, तांबे व अगंज पोलाद असा स्थूल क्रम लागतो. दोन धातू या क्रमात एकमेकांपासून जितके दूर, तितकी विक्रियेची प्रेरणा अधिक असते. मात्र प्रत्यक्ष हानी किती होईल, हे दोहोंच्या पाण्यास उघड्या असलेल्या पृष्ठभागांच्या प्रमाणावरही अवलंबून असते. धनाग्राचे क्षेत्र लहान व ऋणाग्राचे मोठे असेल, तर सर्व हानी त्या लहान जागी एकवटते व धातूस लवकर भोक पडते.

प्रारंभीचे उपाय : जुन्या लाकडी जहाजांपुढील मुख्य संकट गंजाचे नव्हते. टेरेडो हा मृदुकाय प्राणी लाकूड आतून पोखरून काढी, तर शेवाळ, बार्नेकल इ. जीव तळास चिकटून जहाजाचा वेग कमी करीत. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील गलबतांच्या तळास चुना आणि तेल किंवा चरबी यांच्या मिश्रणाचा लेप देण्याची रीत होती. सायप्रसमधील किरेनियाजवळ समुद्रतळाशी सापडलेल्या इ. स. पू. चौथ्या शतकातील ग्रीक व्यापारी जहाजावर शिशाच्या पत्र्याचे आवरण आढळले आहे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात काही नौदली जहाजांना शिशाचे पत्रे लावण्यात आले. तथापि त्या जहाजांच्या सुकाणूचे लोखंडी भाग झपाट्याने झिजत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या व तो प्रयोग मागे पडला. धातूंच्या परस्परसंबंधातून उद्भवणाऱ्या या क्रियेचे कारण त्या वेळी कोणासही ठाऊक नव्हते.

‘अलार्म’ जहाजाचा अनुभव : १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या ३२ तोफांच्या जहाजाच्या संपूर्ण तळास तांब्याचा पत्रा ठोकून ते वेस्ट इंडीजकडे धाडले. तेथील उष्ण पाण्यात लाकूड पोखरणाऱ्या जीवांचा उपद्रव फार असे. जहाज परतल्यावर १७६३ मध्ये त्याची पाहणी करण्यात आली. तांब्याखालील फळ्या उत्तम स्थितीत होत्या आणि तळावर सागरी जीवांची वाढही फारशी नव्हती. परंतु पत्रा पक्का करणारे लोखंडी खिळे बऱ्याच ठिकाणी जवळजवळ नाहीसे झाले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. बारकाईने पाहता त्या जागी तांब्याचा पत्रा ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आला होता तो कागद पत्रा व खिळा यांच्यामध्ये राहून गेला होता, असे दिसून आले. समुद्राच्या पाण्यात लोखंड व तांबे यांचा प्रत्यक्ष संबंध येऊ देऊ नये, असा निष्कर्ष यावरून काढण्यात आला. व्होल्टा यांनी आपला विद्युत् घट १८०० मध्ये जाहीर केला. म्हणजे त्यापूर्वी सु. ३७ वर्षे हा निष्कर्ष केवळ निरीक्षणाच्या बळावर नोंदला गेला होता.

हा धडा मान्य झाला, तरी तो कसोशीने पाळला गेला नाही. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात वेगवान जहाजांची निकड भासल्यावर १७७९ पासून चार्ल्स मिडलटन यांच्या पुढाकाराने ब्रिटिश नौदलातील बहुतेक जहाजांना तांब्याचे पत्रे लावण्यात आले. जहाजांची लाकडे जोडणारे बोल्ट लोखंडीच ठेवून तांबे व लोखंड यांच्यामध्ये जाड कागद व संरक्षक लेप यांचा थर देण्यात आला होता. कागद फाटला किंवा लेप गळला, की पाणी आत शिरे व बोल्ट वरून न दिसता आतून झिजत जात. १७८२ मध्ये अटलांटिक महासागरातील वादळात काही मोठी युद्धजहाजे बुडाली. त्यांच्या नाशास झिजलेले बोल्ट कारणीभूत असावेत, असा संशय तेव्हा बळावला. पुढील काही वर्षांत तांब्याच्या मिश्रधातूचे कठीण बोल्ट तयार करण्यात यश आले. ते वापरात आल्यावरच तांब्याच्या आच्छादनाची पद्धत निर्धोक झाली.

याच काळात मुंबई येथे वाडिया कुटुंबातील नौकाबांधणी कारागीर सागवानाची जहाजे बांधीत होते. ओकच्या लाकडातील अम्लद्रव्ये लोखंडी खिळ्यांना अपायकारक ठरतात. याउलट सागवानातील तैलयुक्त द्रव्यांमुळे खिळ्यांचे काही प्रमाणात रक्षण होते. या गुणामुळे मुंबईच्या जहाजांना मोठा लौकिक प्राप्त झाला. १८१७ मध्ये मुंबईत जलावतरण झालेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन करण्यात आले आहे. मात्र लाकूड कोणतेही असले, तरी तांबे व लोखंड यांच्यातील विद्युत् क्रिया केवळ त्याच्यामुळे थांबत नाही.

डेव्ही यांचे प्रयोग : तांब्याचा पत्रा स्वतःही समुद्राच्या पाण्यात झिजे आणि तो वारंवार बदलावा लागे. या खर्चिक प्रश्नाकडे ब्रिटिश नौदलाने १८२३ मध्ये रॉयल सोसायटीचे लक्ष वेधले. सोसायटीचे तत्कालीन अध्यक्ष हंफ्री डेव्ही (१७७८–१८२९) यांनी याचा उलगडा विद्युत् रसायनशास्त्राच्या आधारे केला. तांबे विरघळते ते त्याच्या विद्युत् स्थितीमुळे. तेव्हा त्यास जस्त वा लोखंड यांसारखा अधिक क्रियाशील धातू जोडल्यास तोच धातू झिजेल व तांबे सुरक्षित राहील, असा तर्क त्यांनी मांडला. प्रयोगांमध्ये तांब्याच्या क्षेत्रफळाच्या १/४० ते १/१५० इतक्या क्षेत्रफळाचे जस्त किंवा लोखंड तांब्याचा क्षय पूर्णपणे थांबविते, असे त्यांना आढळले. या कामी मायकेल फॅराडे यांचे साहाय्य त्यांना लाभले होते.

१८२२ मध्ये कोचीन येथे जलावतरण झालेल्या ‘समरंग’ या युद्धजहाजावर १८२४ साली असे ओतीव लोखंडाचे संरक्षक तुकडे बसविण्यात आले. जहाज नोव्हास्कोशापर्यंत जाऊन परतले, तेव्हा तांबे अपेक्षेप्रमाणे सुस्थितीत होते. परंतु संरक्षित तळांवर शेवाळ व शिंपल्यांची दाट वाढ होऊन जहाजांचा वेग घटतो, असा अनुभव लवकरच येऊ लागला. तांबे किंचित विरघळत असते म्हणूनच त्याच्या विषारी आयनांमुळे सागरी जीव त्याच्यापासून दूर राहतात. तांब्याचे विरघळणे थांबताच त्याचा हा गुणही संपला. त्यामुळे संरक्षक तुकडे काढून टाकण्याचा आदेश नौदलाने दिला. डेव्ही यांचे शास्त्रीय अनुमान पूर्णपणे बरोबर असूनही प्रत्यक्ष उपयोगात त्यांच्या पदरी अपयश आले व त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. तथापि त्यांनी सुचविलेले तत्त्व पुढे लोखंडी व ॲल्युमिनियमच्या नौकांच्या बाबतीत अत्यंत फलदायी ठरले.

लोखंडी जहाजे व रंगांचा उदय : १८३२ मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉर्ज फ्रेडरिक मंट्‌झ यांनी सु. ६० टक्के तांबे व ४० टक्के जस्त असलेल्या पितळाचे एकस्व (पेटंट) घेतले आणि तांब्याच्या पत्र्यास स्वस्त पर्याय उपलब्ध झाला. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सॉरेल यांनी लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. मात्र लोखंडी जहाजे बांधली जाऊ लागताच जुनी समस्या नव्या रूपात उभी राहिली. इसंबार्ड किंग्डम ब्रूनेल यांच्या ‘ग्रेट ब्रिटन’ (जलावतरण १८४३) यासारख्या जहाजांच्या तळास टेरेडोपासून भय नव्हते. परंतु लोखंडावर गंज चढे आणि त्यावर सागरी जीवही मोकळेपणाने वाढत. तांब्याचा पत्रा थेट लोखंडावर लावावा, तर लोखंडाचाच बळी जाई. यावर तडजोड म्हणून लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या व त्यावर धातूचे पत्रे अशी मिश्र रचना काही जहाजांत करण्यात आली. ‘कटी सार्क’ (१८६९) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कोंडीतून मार्ग निघाला तो रंगांमुळे. आतील थर गंजरोधक व बाहेरील थर विषारी, अशी द्विस्तर पद्धत रूढ झाली. बाहेरच्या थरातील तांब्याची संयुगे हळूहळू पाण्यात मिसळून जीवांची वाढ रोखीत आणि आतला थर त्या तांब्याचा लोखंडाशी संबंध येऊ देत नसे. ‘अलार्म’ जहाजावरील कागदाने जे काम योगायोगाने केले होते, तेच आता रंगाकडे हेतुपुरस्सर सोपविण्यात आले. काशाचा प्रचालक असलेल्या जहाजांच्या मागील भागात, तळाच्या रक्षणासाठी जस्ताचे ठोकळे बसविण्याची प्रथाही याच शतकात पडली.

लोखंडात एकदा शिरलेली क्लोराइडे सहजासहजी बाहेर पडत नाहीत. १९७० मध्ये फॉकलंड बेटांवरून ब्रिस्टलला परत आणलेल्या ‘ग्रेट ब्रिटन’चे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. त्याचा गंज थांबविण्यासाठी जहाजाच्या पाणरेषेच्या पातळीवर काचेचे आच्छादन करून खालील हवेची सापेक्ष आर्द्रता सु. २० टक्के राखण्यात येते.

विसाव्या शतकातील प्रगती : १९२८ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स येथे रॉबर्ट कून यांनी जमिनीखालील वायुनळांना बाहेरून एकदिश विद्युत् प्रवाह पुरवून त्यांचा गंज थांबविला. झिजणाऱ्या धातूऐवजी विजेच्या प्रवाहाने रक्षण करण्याची ही पद्धत पुढे जहाजांसाठीही वापरात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यागी धनाग्रांच्या, म्हणजे दुसऱ्या धातूच्या रक्षणार्थ स्वतः झिजणाऱ्या ठोकळ्यांच्या धातूचाही सूक्ष्म अभ्यास झाला. बाजारी जस्तातील लोहाच्या अल्पशा अशुद्धीमुळे ठोकळ्यावर घट्ट थर जमून तो निष्क्रिय होतो, असे आढळले. तेव्हा अतिशुद्ध जस्तात अल्प प्रमाणात ॲल्युमिनियम व कॅडमियम मिसळून मिश्रधातू बनविण्यात येऊ लागली. याच सुमारास एपॉक्सी रेझिनांचे चिवट व जलरोधक रंगही उपलब्ध झाले.

आउटड्राइव्ह : या यंत्रणेत एंजिन नौकेच्या आत, मागील भिंतीला लागून असते व शक्तिप्रेषण करणारा दंतचक्रयुक्त पाय त्या भिंतीच्या बाहेर पाण्यात असतो. हा पाय डावीउजवीकडे वळवून नौकेस दिशा देता येते, तसेच उथळ पाण्यात तो वर उचलता येतो. अमेरिकन अभियंते जिम विन यांच्या कल्पनेवर आधारलेली अशी यंत्रणा व्होल्व्हो पेंटा या स्वीडिश कंपनीने १९५९ च्या प्रारंभी न्यूयॉर्क येथील नौका प्रदर्शनात ‘ॲक्वामॅटिक’ या नावाने सादर केली. १९६१ मध्ये मर्क्रूझर ही अमेरिकन यंत्रणा बाजारात आली. १९८२ मध्ये व्होल्व्हो पेंटाने परस्परविरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन प्रचालकांची ‘ड्युओप्रॉप’ यंत्रणा आणली.

वजन कमी राहावे व शीतनाच्या पाण्याच्या गुंतागुंतीच्या वाटा ओतकामात साधता याव्यात, म्हणून आउटड्राइव्हचे कवच ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे करतात. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडाचा पातळ थर आपोआप तयार होतो व हवेत तो धातूचे चांगले रक्षण करतो. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइडे मात्र हा थर जागोजागी भेदतात आणि धातूस खोल खड्डे पडतात. त्यातच या यंत्रणेचे दंड अगंज पोलादाचे आणि प्रचालक पुष्कळदा अगंज पोलादाचा किंवा काशाचा असतो. म्हणजे ‘अलार्म’ जहाजावरील तांबे व खिळे यांची जोडी येथे एकाच यंत्रात पुन्हा एकत्र आली आहे. फरक इतकाच की, खिळ्यांच्या जागी आता यंत्रातील सर्वांत महाग भाग आहे.

यासाठी आउटड्राइव्हवर त्यागी धनाग्र बसवितात. नौकाचालक त्यांना नुसते ‘झिंक’ म्हणतात. तथापि ते सर्वच जस्ताचे नसतात. खाऱ्या पाण्यात जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमच्या विशिष्ट मिश्रधातूचे, मचूळ पाण्यात ॲल्युमिनियमचे व गोड पाण्यात मॅग्नेशियमचे धनाग्र वापरतात. गोड्या पाण्यात जस्तावर निष्क्रिय थर साचतो, तर खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम फार लवकर संपते. पाय वर उचललेल्या स्थितीत नौका उभी राहिल्यास धनाग्र पाण्याबाहेर व कवचाचा काही भाग पाण्यात, अशी स्थिती होऊ शकते; तेव्हा धनाग्राचा काहीही उपयोग होत नाही. नौका धक्क्यावरील वीजपुरवठ्यास जोडलेली असल्यास भूसंपर्काच्या तारेतून शेजारच्या नौकांशीही विद्युत् संबंध जुळतो. मग एका नौकेचे ॲल्युमिनियम दुसरीच्या काशाचे किंवा पोलादाचे रक्षण करीत स्वतः झिजू लागते. हे टाळण्यासाठी त्या तारेत डायोडयुक्त विलगक बसवितात. तो अल्प दाबाचा गंजकारक प्रवाह अडवितो. परंतु विजेच्या दोषाच्या वेळी सुरक्षेसाठी आवश्यक असलेला प्रवाह वाहू देतो.

रंगलेपनाची पद्धत : रंगाखाली उठलेले फोड व त्यांतील पांढरी भुकटी ही ॲल्युमिनियमच्या क्षयाची खूण होय. पुन्हा रंग देण्यापूर्वी क्षयाचे कारण, म्हणजे संपलेले किंवा विद्युत् दृष्ट्या तुटलेले धनाग्र अथवा बाहेरून येणारा प्रवाह, शोधून दूर करणे अगत्याचे असते. अन्यथा रंगाला पडलेल्या लहानशा ओरखड्यावरच सर्व क्षय एकवटतो व न रंगविलेल्या धातूपेक्षा तेथे लवकर भोक पडते. क्षेत्रफळांच्या प्रमाणाचा जो नियम डेव्ही यांनी रक्षणासाठी वापरला, तोच येथे उलट बाजूने प्रत्ययास येतो.

प्रथम संपूर्ण पाय गोड्या पाण्याने धुऊन क्षार काढून टाकतात. नंतर फोड आलेला रंग खरवडून घट्ट रंगाच्या कडेपर्यंत नेतात व खड्ड्यांतील पांढरी भुकटी पूर्णपणे काढतात. घासण्यासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडाचा कागद वापरतात. पोलादी तारांचा कुंचला टाळतात. कारण त्याचे कण मऊ धातूत रुतून नव्या विद्युत् घटांना जन्म देतात. तेलाचा अंश द्रावकाने पुसून काढताना रबरी भात्यांना व तेलरोधक कड्यांना द्रावक लागणार नाही, याची दक्षता घेतात. घासलेल्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइड त्वरित पुन्हा जमू लागते. म्हणून अस्तराचा रंग त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर देतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून या अस्तरासाठी फॉस्फोरिक अम्ल व झिंक क्रोमेट असलेला पिवळा रंग प्रचारात होता. षट्‌संयुजी क्रोमियमची संयुगे कर्करोगकारक असल्याचे स्पष्ट झाल्यावर त्यांच्या वापरावर अनेक देशांत निर्बंध आले आणि त्यांची जागा मुख्यत्वे क्रोमेटविरहित अस्तरांनी व एपॉक्सी रंगांनी घेतली. अस्तराचे दोनतीन हात देऊन खोल खड्डे एपॉक्सी लुकणाने बुजवितात व त्यावर अखेरचा रंग देतात. धनाग्र व त्यांच्या बैठकीची जागा यांवर मात्र रंग लागू देत नाहीत. रंगविलेला धनाग्र विरघळू शकत नाही आणि बैठकीवरील रंगामुळे त्याचा कवचाशी विद्युत् संपर्क तुटतो.

विषारी रंगांचा प्रश्न : सागरी जीवांची वाढ रोखण्यासाठी सामान्य नौकांच्या तळास देतात तो क्युप्रस ऑक्साइडयुक्त रंग ॲल्युमिनियमला अपायकारक ठरतो. १९६० नंतरच्या दशकात प्रचारात आलेली ट्रायब्युटिल टिनाची संयुगे अत्यंत प्रभावी होती व त्यांच्यात हा दोष नव्हता. तथापि फ्रान्समधील आर्काशाँ उपसागरातील कालवांची कवचे विकृत होऊन तेथील कालवसंवर्धन धोक्यात आले. तेव्हा त्या देशाने १९८२ मध्ये २५ मी. पेक्षा कमी लांबीच्या नौकांवर या रंगांस बंदी घातली. अमेरिकेने १९८८ च्या कायद्याने तशीच बंदी घातली. परंतु ॲल्युमिनियमचे तळ आणि नौकांच्या चालन यंत्रणेचे पाण्यातील भाग यांना तीतून सूट दिली. आउटड्राइव्हसाठी योग्य असा दुसरा रंग शोधणे किती कठीण होते, हे या सवलतीवरून दिसते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा या संयुगांविरुद्धचा करार २००१ मध्ये संमत होऊन १७ सप्टेंबर २००८ पासून अंमलात आला व त्यांचा वापर संपुष्टात येत गेला. त्यानंतर आउटड्राइव्हसाठी क्युप्रस थायोसायनेट किंवा तांबेविरहित जीवरोधके असलेल्या रंगांचा वापर वाढला. तेही अखंड अस्तरावरच देणे आवश्यक असते.

समुद्रात धातूचा क्षय पूर्णपणे थांबविणारा उपाय अद्याप सापडलेला नाही. तांब्याचा पत्रा, जस्ताचा ठोकळा, विद्युत् प्रवाह व रंगाचा थर या प्रत्येकाच्या बाबतीत काहीतरी खर्ची पडते. क्षय कोठे व्हावा, हे निश्चित करून झिजणारा भाग स्वस्त, सहज दिसणारा व बदलण्याजोगा ठेवणे, एवढेच माणसाच्या हाती असते. म्हणूनच निम्म्याच्या आसपास झिजलेला धनाग्र बदलावा व प्रत्येक हंगामात रंगाची पाहणी करावी, असा प्रघात पडला आहे. वर्षभरात अजिबात न झिजलेला धनाग्र हे समाधानाचे लक्षण नव्हे. त्याचा संपर्क तुटल्यामुळे त्याऐवजी दुसरा एखादा भाग झिजत असण्याचा संभव असतो.